दहाच्या आत माणसं म्हणजे कायदा लागत नाही?

"दहाच्या आत माणसं असली की कामगार कायदा लागत नाही", ठाण्याच्या नौपाड्यात बुटीक टाकलं आणि पंधरा वर्षं कात्री चालवलेला कटिंग मास्टर ठेवला तेव्हा मलाही सगळ्यांनी हेच सांगितलं. यात अर्धं खरंय. राज्याच्या २०१७ च्या दुकान कायद्यात मुळात दहाच्या आत रजिस्ट्रेशन नव्हतं (२०२५ च्या दुरुस्तीनंतर ही मर्यादा वीस झाली), पण त्याखालच्यांनाही धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यावीच लागते, आणि पीएफ साधारण २० माणसांपासून. किमान वेतन मात्र एकच माणूस असला तरी लागू, आणि मास्टर कुशल वर्गात येतो, त्याला हेल्परचा दर लावणं चूकच! कामगार खात्याच्या साइटवर किमान वेतनाचा तक्ता असतो, त्यात आपला धंदा, परिमंडळ (दरासाठी ठरवलेला आपला भाग) आणि 'कुशल' रकाना बघा, विशेष भत्ता (वेतनातला महागाईनुसार बदलणारा भाग) जानेवारी-जुलैत बदलतो म्हणून जुना स्क्रीनशॉट नको.