‘छापा’ या बटणामागचा इतिहास : मुक्त टूलकिटची पार्श्वभूमी

समजा, सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याला वजनाची पावती मराठीत काढायची आहे आणि जळगावात शिकणारा त्याचा पुतण्या त्यासाठी प्रोग्राम लिहायला बसला आहे. शेतकऱ्याचं नाव लिहायची चौकट, गावांची यादी, ‘छापा’ हे बटण. यातलं काहीही तो स्वतः रेखाटत नाही. टॅब दाबला की पुढच्या चौकटीत जाणं, खिडकी लहान केली की सगळं नीट सरकणं, ही कामं टूलकिट, म्हणजे बटणं-चौकटींचा तयार कोड, करतं. जीटीके आणि क्यूटी ही त्यातली दोन मोठी नावं. दोन्ही फुकट मिळतात आणि दोन्हींचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो. ही सोय बरीच भांडून मिळालेली आहे.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जगात एक्स विंडो सिस्टीम १९८४ साली एमआयटीत सुरू झाली. पडद्यावर खिडकी उघडायची आणि आकृती काढायची सोय तिने दिली. बटण कसं दिसावं आणि कसं वागावं हे मात्र तिने ठरवलं नाही. ती जागा पुढे मोटिफ या टूलकिटने घेतली, पण मोटिफच्या लायसन्सला पैसे पडत. १९९५च्या सुमारास बर्कलीतले दोन विद्यार्थी, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस, चित्रांवर काम करण्याचा गिम्प हा प्रोग्राम मोटिफवर लिहीत होते. मोटिफला कंटाळून मॅटिसने स्वतःचंच टूलकिट लिहायला घेतलं. तेच जीटीके, म्हणजे गिम्प टूलकिट.

क्यूटीची वाट वेगळी. नॉर्वेतल्या हावर्ड नॉर्ड आणि आयरिक चेंबे-इंग यांनी १९९१मध्ये ते लिहायला सुरुवात केली, १९९५मध्ये ते लोकांसमोर आलं आणि १९९६मध्ये केडीई हा डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेनूंसकट कॉम्प्युटरचा सगळा पडदा, त्यावर उभा राहू लागला. मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचू, बदलू आणि वाटू शकतो असं, लिहिणाऱ्यांना क्यूटी फुकट होतं, पण त्यात बदल करून ते पुढे वाटण्याची मुभा नव्हती. अख्ख्या डेस्कटॉपचा पाया त्या दोघांच्या ट्रोलटेक या एका कंपनीच्या मर्जीवर, हे अनेकांना मान्य होईना. म्हणून १९९७मध्ये जीनोम हा दुसरा डेस्कटॉप बनवण्याचा प्रकल्प निघाला आणि त्याने जीटीके निवडलं. त्या दबावाचा परिणाम झाला. १९९८मध्ये कंपनी आणि केडीई यांनी एक फाउंडेशन स्थापन केलं आणि करार केला : कंपनीने मुक्त आवृत्ती काढणं थांबवलं, तर फाउंडेशन तीच आवृत्ती आणखी मोकळ्या लायसन्सखाली सगळ्यांना देऊ शकेल. २०००मध्ये क्यूटी जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आलं. पुढे २००८मध्ये नोकियाने आणि २०१२मध्ये डिजियाने ते विकत घेतलं. मालक बदलत गेले, करार टिकला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वात दूरदृष्टीची गोष्ट हा करार आहे.

आता आपल्या अक्षरांकडे येऊ. त्या काळात जळगाव-धुळ्याच्या डीटीपी दुकानांत मराठी मजकूर खास फाँटमध्ये टाइप व्हायचा. तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की नुसती इंग्रजी चिन्हांची गर्दी. सुरुवातीच्या टूलकिटनाही देवनागरी झेपण्यासारखी नव्हती, कारण एक कोड म्हणजे एक आकार असाच त्यांचा हिशेब. ‘शिंदखेडा’ घ्या. कॉम्प्युटरमध्ये आधी श साठवला जातो, मग वेलांटी, मग अनुस्वार. पडद्यावर मात्र वेलांटी श च्या डावीकडे काढावी लागते. कर्सर कुठे थांबेल आणि बॅकस्पेस दाबल्यावर फक्त अनुस्वार जाईल की अख्खं अक्षर, हेही ठरवावं लागतं. ‘मुक्ताईनगर’मध्ये क आणि त जोडायचे. आणि सातपुड्याच्या ‘दऱ्या’ लिहिताना तो अर्धा र चुकून रफार झाला, तर डोंगरात ‘दर्या’ उसळतो!

हे काम अंगावर घेतलं पँगोने. ओवेन टेलर आणि राफ लेव्हिएन यांचे दोन प्रयत्न १९९९मध्ये एकत्र येऊन ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड, झाली. मार्च २००२मध्ये जीटीके २.० आलं ते पँगो आणि प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारं युनिकोड घेऊनच. त्यानंतर देवनागरी दाखवण्यासाठी प्रत्येक प्रोग्रामला वेगळा खटाटोप करावा लागला नाही. अक्षरं जुळवण्याचा गाभा पुढे हार्फबझ या लायब्ररीत गेला. बेहदाद एस्फाहबोद यांनी तो नव्याने लिहून काढला आणि आज जीटीके, क्यूटी, फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस सगळे तोच वापरतात. त्यामुळे अर्ध्या र ची चूक एका ठिकाणी सुधारली की ती सगळीकडे सुधारते.

यापुढचा इतिहास देखभालीचा आहे, आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. जीटीके ३.० आलं २०११मध्ये. ज्या गिम्पसाठी जीटीके जन्मलं, त्या गिम्पची जीटीके ३ वर आधारलेली आवृत्ती ३.० मात्र २०२५मध्ये आली. मधल्या काळात, २०२०मध्ये, जीटीके ४ही येऊन गेलं होतं. मोजक्या स्वयंसेवकांनी लाखो ओळींचा कोड जुन्यावरून नव्यावर न्यायचा, तोही रोजचे बग (चुका) सोडवत सोडवत, म्हणजे इतकी वर्षं लागणारच. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांनी तो कोड एकदा उघडून बघावा.

खानदेशातल्या मुलांनी हात घालावा असं काम इथे खरोखरच आहे. मराठीतले ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे काढतात. दोन्ही आकार एकाच फाँटमध्ये असू शकतात, पण मजकूर कोणत्या भाषेचा हे टूलकिटने सांगितलं तरच योग्य तो आकार येतो. २०११च्या जनगणनेत १८ लाखांहून जास्त लोकांनी आपली भाषा खानदेशी नोंदवली; अहिराणीला आंतरराष्ट्रीय यादीत स्वतंत्र भाषासंकेतही आहे. तो संकेत लावून अहिराणी मजकूर टाकला, तर ल आणि श कोणते उमटतात? हे एका दुपारी तपासता येतं. चुकीचे उमटले तर फाँटचं नाव, टूलकिटची आवृत्ती, टाइप केलेला क्रम आणि पडद्याचं चित्र जोडून बग नोंदवायचा. हार्फबझच्या चाचण्यांमध्ये देवनागरी शब्दांचे संच आधीपासून आहेत, त्यात अहिराणी शब्दांची भर घालता येईल.