स्वार्थ आणि परार्थ (नीतिशास्त्र)

माणूस जे काही करतो ते शेवटी स्वतःसाठीच करतो का, आणि तसं नसेल तर दुसऱ्याच्या भल्यासाठी स्वतःचं नुकसान किती सोसायचं, असे दोन प्रश्न या जोडीखाली येतात. पहिला माणूस कसा आहे याबद्दलचा, दुसरा त्याने कसं वागावं याबद्दलचा. बोलताना मात्र दोन्हींची सर्रास सरमिसळ होते आणि ‘सगळेच स्वार्थी असतात’ म्हणणारा दोन वाक्यांत ‘मग मी असलो तर काय बिघडलं’ इथे येऊन पोचतो.

मराठीत स्वार्थी ही जवळजवळ शिवीच आहे, पण संस्कृतात या शब्दाला असा वास नेहमीच नव्हता. तर्कशास्त्रात स्वतःच्या समजुतीपुरतं केलेलं ते स्वार्थानुमान आणि दुसऱ्याला पटवायला मांडलेलं ते परार्थानुमान, यात कोणी आप्पलपोटा नाही नि कोणी संत नाही. व्याकरणात तर स्वार्थे ‘क’ म्हणजे शब्दाचा अर्थ न बदलता नुसता येऊन चिकटणारा प्रत्यय, जसं बाल आणि बालक. परोपकार हा रोजच्या वापरातला शब्द, पण तो कृतीबद्दल बोलतो आणि हेतूबद्दल गप्प राहतो, पाटीवर नाव यावं म्हणून दिलेली देणगीही त्यात खपून जाते, म्हणून इथे परार्थ हाच शब्द धरलाय.

युरोपात यासाठी जो ‘अल्ट्रुइझम’ शब्द चालतो तो फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कॉम्तच्या नावावर आहे. काही कोश त्याचा काळ १८३० च्या आसपास देतात, पण छापील पुरावा म्हणून १८५१ साली आलेल्या त्याच्या राज्यव्यवस्थेवरच्या ग्रंथाचा पहिला खंड धरणं जास्त सुरक्षित वाटतं. इंग्रजीत तो १८५३ मध्ये जी. एच. लुईसने नेला. व्युत्पत्तीचा घोळ वेगळाच. फ्रेंचमध्ये ‘दुसरा’ या अर्थी ‘ओत्रुई’ शब्द आहे, दुसऱ्याचं हित, दुसऱ्याचा हक्क अशा कायद्यातल्या शब्दप्रयोगांत तो यायचा, तिथूनच कॉम्तला सुचलं असावं असं म्हणतात, मग मधला ‘ल’ कुठून आला? तर मूळ लॅटिनवरून तो मुद्दाम परत घातला असावा, किंवा इटालियन ‘आल्त्रुई’वरून सरळ घेतला असावा. दुसरं साधं वाटतं. गंमत म्हणजे हा शब्द नुसत्या उपदेशातून आलेला नाही, त्यामागे तेव्हाच्या मेंदूशास्त्राचा नाद होता: कॉम्तने माणसाच्या दहा मूळ भावप्रेरणांचा तक्ता केला, त्यात सात स्वतःकडे वळलेल्या आणि फक्त तीन दुसऱ्याकडे, त्या म्हणजे जिव्हाळा, आदर आणि दयाळूपणा.

भारतीय बाजूला सगळ्यात नेटकी वर्गवारी भर्तृहरीच्या नीतिशतकात सापडते. स्वार्थ सोडून परार्थ साधणारे सत्पुरुष, स्वार्थाला धक्का न लावता परार्थ करणारे सामान्य, स्वार्थासाठी दुसऱ्याचं हित मारणारे मानवराक्षस, आणि काहीच कारण नसताना दुसऱ्याचं वाटोळं करणारे, ज्यांना काय म्हणावं हे कवीलाच कळत नाही. हा चौथा वर्ग फार महत्त्वाचा आहे कारण सगळं वाईट स्वार्थातून येतं ही समजूत तो एका ओळीत मोडतो. कवी भर्तृहरी आणि वाक्यपदीय लिहिणारा वैयाकरण भर्तृहरी एकच का, हा जुना वाद. चिनी प्रवासी इत्सिंगच्या प्रवासवर्णनावरून वैयाकरण सातव्या शतकातला मानत, आता बौद्ध तर्कपंडित दिङ्नागाने त्याचा आधार घेतलेला दिसल्यामुळे तो साधारण पाचव्या शतकात ओढला जातो, पण यातलं कवीला किती लागू हे ठरत नाही. दा. ध. कोसंबींनी १९४८ च्या चिकित्सक आवृत्तीत शेकडो हस्तलिखितं ताडून पाहिली तेव्हा श्लोकांची संख्या आणि क्रम दोन्ही बरेच हलतात हे दिसलंच, तेव्हा एकाच कवीवर सगळं टाकताना हात आखडता घेतलेला बरा. फक्त इहलोकीचं सुख मानणाऱ्या चार्वाकांबद्दल तर विरोधकांनी दिलेल्या सारांशावरच भागवावं लागतं.

मराठीत पद्धतशीर मांडणी टिळकांच्या गीतारहस्यात (१९१५) आहे. चार्वाकांचा निव्वळ स्वार्थ, इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जचा दूरदर्शी स्वार्थ, मग दोन्ही प्रेरणा स्वाभाविक मानणारे, अशी पायऱ्यांची उतरंड ते लावतात. उपनिषदातला याज्ञवल्क्य बायकोला, मैत्रेयीला, सांगतो की नवरा काय, बायको काय, सगळं आत्म्यासाठीच प्रिय होतं, आणि इथे हॉब्जचा चाहता टाळी देईल, पण याज्ञवल्क्य पुढे ‘मग तो आत्मा कोण ते शोध’ म्हणतो आणि स्वार्थातला ‘स्व’च मोठा करून टाकतो, हे टिळकांनी बरोबर पकडलंय.

आता हॉब्ज. चरित्रकार ऑब्रीने लिहून ठेवलेली गोष्ट अशी की लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर एका म्हाताऱ्या अपंग भिकाऱ्याला हॉब्जने खिशात हात घालून सहा पेनी दिले, शेजारच्या धर्मोपदेशकाने विचारलं, ख्रिस्ताची आज्ञा नसती तरी दिले असते का, तर हॉब्ज म्हणाला हो, त्याचे हाल बघून मला त्रास होत होता, पैसे दिल्याने त्यालाही जरा बरं वाटलं आणि मलाही. इथून निघतो तो मानसशास्त्रीय स्वार्थवाद: मदत केली की बरं वाटतं, म्हणजे बरं वाटावं म्हणूनच केली. याचा सांधा इंग्रज धर्मपंडित जोसेफ बटलरने १७२६ च्या प्रवचनांत निखळवला. तहान असेल तरच पाण्याने सुख होतं, तसं दुसऱ्याचं भलं व्हावं असं आधी वाटत असेल तरच ते झाल्याचं सुख होणार. इच्छा माझी आहे म्हणून ती माझ्याबद्दलच आहे असं होत नाही. तत्त्वज्ञ ह्यूमने १७५१ मध्ये जवळपास हीच बाजू घेतली, आणि तर्कापुरतं बघितलं तर तिला चोख उत्तर मिळालंय असं वाटत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ सिज्विकने (१८७४) मात्र कबूल केलं की स्वतःचं हित आणि सगळ्यांचं हित यांत टक्कर झाली तर नुसत्या बुद्धीने निकाल लागत नाही.

व्यवहारात हेतू एकटा क्वचितच येतो. रात्री अकराला मित्राचा फोन येतो, बाबांना ॲडमिट करायचंय, गाडी घेऊन येशील का. तुम्ही चावी उचलता, जिन्यावरून उतरताना बाबांचा चेहरा डोळ्यासमोर येतो, पार्किंगमध्ये आठवतं की गेल्या वेळी हाच धावून आला होता, सिग्नलला वाटतं की नाही गेलो तर तोंड कसं दाखवायचं, आणि हे तिन्ही खरंच असतं. तेवढ्यात परत फोन, येऊ नको रे, ॲम्ब्युलन्स आली. आता हायसं वाटलं की चुटपुट लागली? नुसतं ‘मी मदत केली’चं समाधान हवं असेल तर ते हुकलंय, चुटपुट लागायला हवी. अशाच धर्तीचा प्रयोग मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसनने १९८८ मध्ये मांडला होता, त्यात मनापासून कळवळा आलेल्या लोकांना गरजू माणसाची अडचण दुसऱ्या मार्गाने सुटली तरी तितकंच बरं वाटलं. चाल्डिनी वगैरे मानसशास्त्रज्ञ म्हणतात की कळवळ्यात आपण-दुसरा ही रेषाच पुसट होते, मग परार्थ कसला. वाद चालू आहे.

हेतूपेक्षा घड्याळ भारी ठरतं असंही दिसलंय. प्रिन्स्टनमधल्या चाळीस धर्मशास्त्र विद्यार्थ्यांना भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं, वाटेत दारात एक माणूस खोकत, कण्हत वाकून बसवलेला. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, मध्यम घाईतले ४५ आणि उशीर झालाय सांगितलेले १० टक्के. काहींचं भाषण जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परोपकारी शोमरोनी माणसावरच होतं, त्याने म्हणावा असा फरक पडला नाही (डार्ली आणि बॅटसन, १९७३).

जीवशास्त्रातला परार्थ (हॅमिल्टन १९६४, ट्रिव्हर्स १९७१) पिल्लांच्या संख्येत मोजतात, हेतूशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे पोळ्यासाठी जीव देणाऱ्या मधमाशीचा दाखला इथे देऊन काही सिद्ध होत नाही.

किती करायचं, या प्रश्नावर तत्त्वज्ञ पीटर सिंगरचा १९७२ चा लेख सगळ्यात कडक. उथळ डबक्यात मूल बुडतंय, कपडे खराब होतील म्हणून कोणी थांबत नाही, मग दूर उपासमारीने मरणारं मूल वेगळं कसं? अंतर हे कारण होऊ शकत नाही. त्यावर सुझन वुल्फने १९८२ मध्ये उलट विचारलं की अष्टौप्रहर परार्थच करणारा माणूस आपल्याला खरंच व्हायचंय का. आणि बर्नार्ड विल्यम्सचं उदाहरण असं: दोघं बुडतायत, एक बायको आहे, नवरा तिच्याकडे झेपावतो. असं करणं नीतीला धरून आहे का, हे त्याने आधी मनात तपासलं, तर एक विचार जास्तच झाला. कॉम्तच्या तक्त्यात हा नवरा जिव्हाळ्याखाली, म्हणजे परार्थाच्या बाजूला पडला असता. आपल्या माणसांसाठी केलेलं परार्थात धरायचं की मोठ्या झालेल्या स्वार्थात, यावर आजही एकमत नाही.