पी आणि एफएम (ॲक्चुअरी परीक्षा)

ॲक्चुअरी म्हणजे विमागणिती होण्याच्या अमेरिकी वाटेवरच्या या पहिल्या दोन परीक्षा. १९४९ मध्ये स्थापन झालेली सोसायटी ऑफ ॲक्चुअरीज त्या घेते. पी ही संभाव्यतेची, तर एफएम ही वित्तीय गणिताची परीक्षा. आधी कोणती द्यावी याचे बंधन नाही. मात्र कलनशास्त्र ताजे असेल तर पी आधी उरकणे सोयीचे.

दोन्ही परीक्षा संगणकावर होतात. प्रत्येकीत ३० प्रश्न असतात आणि प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय. पीसाठी तीन तास मिळतात, एफएमसाठी अडीच. निकाल ० ते १० या मापावर लागतो आणि ६ मिळाले की उमेदवार उत्तीर्ण होतो. मात्र ६ म्हणजे ६० टक्के उत्तरे बरोबर, असा हिशेब नाही. शिवाय काही प्रश्न केवळ चाचपणीसाठी घातलेले असतात. त्यांचे गुण धरत नाहीत आणि ते कोणते हे उमेदवाराला कळत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये.

परीक्षेच्या दर तासामागे १०० तास अभ्यास, हा या क्षेत्रातला रूढ अंदाज आहे. त्यानुसार पीला सुमारे ३०० आणि एफएमला २५० तास लागतात. यातले निम्म्याहून अधिक तास घड्याळ लावून प्रश्न सोडवण्यात जायला हवेत. विषय समजलेले उमेदवारही नापास होतात, कारण एका प्रश्नाला पाच-सहा मिनिटेच मिळतात आणि प्रश्न कोणत्या प्रकारचा आहे हे पहिल्या अर्ध्या मिनिटात ओळखावे लागते. धडे वाचत राहिल्याने ही ओळख येत नाही. सोसायटी दोन्ही परीक्षांचे उत्तरांसह शेकडो नमुना प्रश्न विनामूल्य देते. ते सगळे किमान एकदा, आणि चुकलेले पुन्हा आठवड्याने, उत्तर न पाहता सोडवावेत.

पीमध्ये सर्वाधिक भर एकचल (एकाच चलाच्या) वितरणांवर असतो: द्विपद, प्वासाँ, गुणोत्तरी, घातांकी, प्रसामान्य वगैरे. प्रत्येकाचे मध्य आणि विचरण तोंडपाठ हवे. बेझचे सूत्र आणि सशर्त संभाव्यता यांवरचे प्रश्न कोष्टक मांडून सोडवले की चुका कमी होतात. संयुक्त (एकाहून अधिक चलांच्या) वितरणांचा भाग २०२२ च्या फेरबदलानंतर विविक्त, म्हणजे सुटी मूल्ये घेणाऱ्या, चलांपुरता उरला. त्यामुळे जुन्या पुस्तकांतल्या दुहेरी संकलनांवर आठवडे घालवण्याआधी चालू अभ्यासक्रम पाहावा.

सर्वाधिक घसरण होते ती विम्याच्या वजावटीवरील, म्हणजे विमाधारकाने स्वतः सोसायच्या रकमेवरील, प्रश्नांत. समजा, नुकसान घातांकी वितरणाचे आहे, मध्य १,००० आणि वजावट ५००. अपेक्षित भरपाई १,००० वजा ५०० म्हणजे ५०० नव्हे. दर नुकसानीमागे ती १,००० गुणिले ई चा उणे ०.५ घात, म्हणजे सुमारे ६०६.५३ येते. प्रश्न ‘भरपाई दिलीच गेली तर सरासरी किती’ असा असेल, तर घातांकी वितरणाच्या स्मृतिहीन गुणधर्मामुळे (आधी किती झाले याचा पुढच्यावर परिणाम होत नाही) उत्तर पुन्हा १,०००. पर्यायांत बहुधा चुकीच्या वाटेने येणारी उत्तरेही असतात. म्हणून आपले उत्तर पर्यायांत सापडले, यावर विसंबू नये.

एफएममध्ये वार्षिकी, कर्जफेड, बाँड, मुदत म्हणजे ड्युरेशन (येणाऱ्या रकमांचा भारित सरासरी काळ) आणि व्याजदर-बदलापासून संरक्षण हे मुख्य विषय. इथे कॅल्क्युलेटरवरचा हात फार महत्त्वाचा. परवानगी असलेल्या यंत्रांपैकी बीए टू प्लस हे बहुतेकांच्या पसंतीचे. ते मूळ मांडणीत क्रियांचा अग्रक्रम पाळत नाही: २ + ३ × ४ टाकले तर २० दाखवते. मांडणी एओएस (अग्रक्रम पाळणारी) केली की १४ येते. दशांश स्थळांची मांडणी ९ करावी, पी/वाय (वर्षातल्या हप्त्यांची संख्या) १ ठेवावे आणि प्रत्येक प्रश्नाआधी आधीची टीव्हीएम (पैशाच्या कालमूल्याची) मूल्ये पुसावीत. केंद्रावर यंत्राची स्मृती पुसली जाऊ शकते, म्हणून हे सगळे बदल न पाहता करता यायला हवेत.

हप्ता महिन्याच्या आरंभी की अखेरी, हा दुसरा सापळा. एक लाखाचे कर्ज, वार्षिक १२ टक्के नाममात्र दर, मासिक चक्रवाढ आणि १२ हप्ते घेतले, तर महिनाअखेरी भरायचा प्रत्येक हप्ता ८,८८४.८८ येतो. यंत्र बीजीएन (महिन्याच्या आरंभी हप्ता धरणाऱ्या) मांडणीत राहून गेले असेल तर तेच उत्तर ८,७९६.९१ दिसते. या कर्जाचा चक्रवाढ धरून येणारा परिणामी वार्षिक दर १२ नसून सुमारे १२.६८ टक्के, हेही विसरले जाते.

शेवटचे तीन-चार आठवडे पूर्ण वेळेच्या सराव परीक्षांसाठी राखावेत. पहिल्या फेरीत दीड मिनिटात वाट न दिसलेला प्रश्न खूण करून सोडावा आणि दुसऱ्या फेरीत परतावे. चुकांची नोंद ठेवताना संकल्पना, वाचन आणि आकडेमोड असे तीन रकाने करावेत. वाचनाच्या चुका आणखी धडे वाचून सुटत नाहीत.

भारतातली वाट वेगळी आहे. ॲक्चुअरीज ॲक्ट, २००६ खाली चालणारी इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडिया आधी एसेट ही १०० गुणांची प्रवेशपरीक्षा घेते. पुढच्या सीएस१ (संख्याशास्त्र) आणि सीएम१ (विमागणित) या परीक्षांमध्ये, २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमानुसार, लेखी उत्तरांसोबत अनुक्रमे आर या संगणकभाषेतली आणि एक्सेलवरची प्रात्यक्षिक उत्तरपत्रिका येते. तिथे पायऱ्यांना गुण असतात. म्हणून पीसाठी अंगवळणी पडलेली, मधल्या पायऱ्या गाळण्याची सवय तिकडे जाताना मोडावी लागते.