फुप्फुसाला सक्तीची विश्रांती

मोडलेलं हाड प्लास्टरमध्ये ठेवलं की सांधतं. पण फुप्फुस दिवसाला वीसेक हजार वेळा फुगतं, आकसतं. क्षयाने त्यात पोकळी पडली, तर दर श्वासाला तिच्या भिंती ताणल्या जातात. मग ते फुप्फुसच काही काळ मिटवून ठेवलं तर? १८८२ साली इटलीच्या कार्लो फोर्लानिनी यांनी ही कल्पना मांडली. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला, पण त्याला मारणारं औषध मिळायला अजून साठ वर्षं होती.

फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये दोन पदर असतात. त्यांच्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून फुप्फुस फुगलेलं राहतं. तिथे हवा शिरली की ते आकसतं. रुग्णाला कुशीवर झोपवून, हात डोक्यावर घ्यायला सांगून डॉक्टर दोन बरगड्यांमधून सुई घालत. सुईला जोडलेल्या नळीतलं पाणी श्वासाबरोबर वरखाली झालं, तरच सुई नेमक्या जागी. ती रक्तवाहिनीत गेली आणि हवा मेंदूपर्यंत पोचली, तर रुग्ण टेबलावरच दगावू शकत असे. आत सोडलेली हवा शरीर शोषून घेई, म्हणून दर काही आठवड्यांनी पुन्हा सुई. असं दोन-तीन वर्षं, कधी त्याहूनही जास्त.

पोकळीच्या भिंती एकमेकींना टेकल्या की जखम भरायला वाव मिळे. शिवाय या जंतूला भरपूर ऑक्सिजन लागतो, मिटलेल्या भागात तो कमी पडतो. कितीतरी जणांच्या थुंकीतले जंतू खरोखरच नाहीसे झाले. म्हणूनच या उपचाराला अघोरी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

पदर एकमेकांना चिकटले असतील, तर मात्र हवा भरता येत नसे. मग थोरॅकोप्लास्टी. एका बाजूच्या सात-आठ बरगड्या काढून छातीची भिंतच आत बसवायची. एका वेळी इतकं सोसवत नाही, म्हणून टप्प्याटप्प्याने, आणि अनेकदा फक्त जागा बधिर करून. बरगडी कापल्याचा आवाज रुग्णाला ऐकू येई. बरा झाला तरी खांदा कायमचा उतरलेला. हे टाळायला काही सर्जन बरगड्यांखाली मेण किंवा प्लास्टिकचे गोळे भरत.

१९४८ साली ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरच्या औषधाच्या प्रसिद्ध चाचणीचे निष्कर्ष छापून आले. ती चाचणी होती फुप्फुस मिटवण्याचा उपाय ज्यांना लागू पडणार नव्हता अशा १०७ रुग्णांवर. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ दगावले, नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४. १९५२ साली आयसोनियाझिड हे क्षयावरचं आणखी एक औषध आलं आणि बरगड्या कापणं हळूहळू थांबलं. पुढे कित्येक दशकं वयस्क रुग्णांच्या एक्स-रेमध्ये ते गोल गोळे मात्र दिसत राहिले.