हातातला टॉवेल: सामाजिक नग्नतेच्या रीतीभाती आल्या कुठून?

युरोपातल्या बहुतेक नग्नता-क्लबांच्या नियमावलीत टॉवेलचा नियम अगदी वरच्या ओळींत असतो. खुर्ची असो, लाकडी बाक असो की तलावाकाठची आरामखुर्ची, बसण्याआधी स्वतःचा टॉवेल अंथरायचा. जिथे सगळे कपडे उतरवायला माणसं जमतात, तिथे हे एक कापड मात्र क्षणभरही हातावेगळं करता येत नाही. सोलापूरकराला हा नियम लगेच पटेल. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांवर दिवसरात्र विणलं जातं ते हेच कापड, आणि सोलापुरी टेरी टॉवेलला चादरीसारखंच भौगोलिक मानांकनही आहे.

टॉवेलच्या व्यापारासाठी किंवा नोकरीसाठी जर्मनीला जाणाऱ्या आपल्या माणसाची या विषयाशी पहिली गाठ समुद्रकिनाऱ्यावर पडत नाही, हॉटेलातल्या सौनाच्या, म्हणजे घाम काढण्याच्या गरम लाकडी खोलीच्या, दारात पडते. आत पोहण्याची चड्डीसुद्धा चालत नाही, स्त्री-पुरुष एकत्र बसलेले असतात, आणि काय करावं ते कोणी सांगत नाही. म्हणून आधी तेच सांगतो. साबण लावून अंघोळ करायची आणि अंग कोरडं करूनच आत जायचं, कारण ओल्या अंगाला घाम उशिरा फुटतो. हवा 80 ते 100 अंश सेल्सिअस असते. टॉवेल असा पसरायचा की बूड, पाठ आणि तळपाय तिन्ही त्यावरच राहतील. लाकडावर घामाचा थेंब पडू द्यायचा नाही. नवखा माणूस चुकतो ती पायांपाशी. टॉवेल बुडाखाली घालतो आणि पाय खालच्या फळीवर उघडे सोडतो. 75 बाय 150 सेंटिमीटरचा आपला नेहमीचा टॉवेल वरच्या फळीवरून खालच्या फळीपर्यंत सोडला तर बसायला पुरतो, आडवं व्हायला पुरत नाही. तिकडे सौनासाठी 80 बाय 200 चा वेगळाच टॉवेल मिळतो तो म्हणूनच. पंचा नेऊ नये. पंचा वाळतो लवकर, पण घाम त्यातून आरपार जातो.

नियम कसे पाळायचे हे कळायला एवढं पुरे. ते का आले हे कळायला मात्र मागे जावं लागतं, आणि ती वाट आश्चर्य वाटेल इतकी आपल्या घराजवळून जाते.

आधी शब्दांचं पाहू. मराठीत ‘नागवणे’ म्हणजे लुबाडणे. नागवं होणं म्हणजे सगळं गमावणं. अंगावर कपडा नसणं हे आपल्या भाषेत दैन्याचं लक्षण आहे, निवडीचं नाही. अपवाद ‘दिगंबर’ या शब्दाचा: दिशा हेच ज्याचं वस्त्र तो. सोलापुरात या शब्दाला पुस्तकी अर्थापलीकडे वजन आहे. जीवराज जैन ग्रंथमालेचे जुने प्राकृत-संस्कृत ग्रंथ याच शहरातून निघाले. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात कुंथलगिरीला आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 साली सल्लेखना, म्हणजे आमरण उपवासाचं व्रत, घेऊन देह ठेवला. पण ‘तुमचे मुनी नग्न राहतात, मग आमच्या क्लबात वेगळं काय?’ असं एखाद्या परदेशी माणसाने विचारलं तर उत्तर स्पष्ट द्यावं. दिगंबर मुनींच्या 28 मूलगुणांत, म्हणजे पाळायच्या मूळ नियमांत, वस्त्रत्याग आहे, तसाच स्नानाचा त्यागही आहे. तिथे नग्नता हे अपरिग्रहाचं व्रत आहे. जवळ उरते ती मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू. ऊन खावं, पोहावं, मोकळं वाटावं यासाठी कपडे काढण्याशी त्याचा संबंध नाही. ही दोन टोकं एका दोरीत बांधणं दोघांवरही अन्याय आहे.

सामाजिक नग्नतेचा, म्हणजे ठरवून, नियम करून, एकत्र जमून विवस्त्र राहण्याचा पहिला नोंदलेला आधुनिक संघ जर्मनीत निघाला नाही, महाराष्ट्रात निघाला. 1891 साली ठाण्याचे जिल्हा व सत्र न्यायाधीश चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड यांनी ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’ स्थापन केला. सभासद तीन: स्वतः क्रॉफर्ड आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. माथेरानच्या झाडीत ते जमत. क्रॉफर्ड यांनी एडवर्ड कार्पेंटर या इंग्रज लेखकाला पत्रं लिहिली, म्हणून हे सगळं आज माहीत आहे. तीनच सभासद, पण नियम लेखी होते. अंगावर अंगठ्या, चष्मा आणि नकली दात चालतील, बाकी काही नाही. कारणंही लिहून ठेवलेली: शरीराची सोय, खोट्या लाजेतून सुटका आणि मानवी देहाचं सौंदर्य. पुढे क्रॉफर्ड यांची रत्नागिरीला बदली झाली, 1894 मध्ये ते वारले आणि संघही संपला. गळ्यापर्यंत बटणं लावून कोर्टात बसणाऱ्या इंग्रज अंमलदाराला कोकणातल्या दमट उन्हाळ्यात हे सुचावं, यात नवल नाही.

जर्मनीत वाट निराळी होती. तिथे ही चळवळ आरोग्याच्या अंगाने आली. कारखान्यांचा धूर, अंधाऱ्या चाळी, क्षय आणि मुडदूस. क्षयाच्या रोग्यांना सूर्यस्नान देणारं ऑग्युस्त रोलिए यांचं रुग्णालय स्वित्झर्लंडमधल्या लेझां इथे 1903 मध्ये उघडलं. त्याच साली प्रकाशाने त्वचेच्या क्षयावर उपचार करणाऱ्या नील्स फिन्सन यांना नोबेल मिळालं. आणि त्याच साली उत्तर जर्मनीत पॉल झिमरमान यांनी पहिलं ‘फ्रायलिश्टपार्क’, म्हणजे उघड्या उजेडातलं उद्यान, सुरू केलं. उन्हाला औषध मानण्याच्या त्या काळाने इथल्या शिस्तीला आकार दिला. अशा उद्यानांत व्यायामावर भर असे. दारू आणि तंबाखूला मज्जाव, जेवण बहुतेक शाकाहारी. ‘क्लबात धिंगाणा चालतो का?’ ही आपल्याकडची पहिली शंका. खरं सांगायचं तर सुरुवातीचे हे क्लब आपल्या तालमींच्या जास्त जवळचे होते: पहाटे उठा, व्यायाम करा, थंड पाण्याने अंघोळ करा. तालमीत लंगोट असतो, इथे तोही नाही, एवढाच फरक.

1920 च्या दशकात ही चळवळ जर्मनीभर पसरली. बर्लिनमध्ये आडॉल्फ कॉख यांच्या व्यायामशाळांत कामगारांची मुलं-माणसं येत. मार्च 1933 मध्ये, नाझी सत्तेवर येताच, त्यांचा नेता गोरिंग याने प्रशिया या जर्मन राज्यात नग्नता-संघांवर बंदीचा हुकूम काढला.

इंग्लंडात 1924 साली एसेक्समधल्या विकफर्ड इथे मूनेला नावाचा गट जमू लागला. सभासद खऱ्या नावाने एकमेकांना हाक मारत नसत. प्रत्येकाला टोपणनाव होतं आणि जागेचा पत्ता गुप्त. नोकरी जाण्याची, शाळेतून मुलांना काढलं जाण्याची, शेजाऱ्यांत तोंड काळं होण्याची भीती खरी होती. आजही क्लबांत पहिल्या नावाने बोलायचं, आडनाव आणि ‘काय करता?’ हे आपणहून विचारायचं नाही, ही रीत त्या भीतीतून आलेली आहे. आपल्याला हे जड जातं. आडनाव, गाव, कुणाचे कोण, यावाचून आपलं संभाषण पुढे सरकत नाही. तिथे ते गिळावं लागतं.

कॅमेऱ्याचा नियम सर्वांत कडक, आणि तोही याच मुळातून आलेला. पूर्वी चोरून काढलेलं एखादं छायाचित्र माणसाला गावातून उठवायला पुरत असे. आता फोनमुळे ते क्षणात जगभर जातं. म्हणून बऱ्याच ठिकाणी फोन कपाटात ठेवावा लागतो किंवा कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावावी लागते. ‘मी फक्त वेळ पाहत होतो’ हे कारण ऐकून घेतलं जात नाही. पहिल्याच चुकीला बाहेर काढतात, आणि ते योग्यच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समधल्या मोंतालिव्हे इथे 1950 साली सुट्टीचं मोठं केंद्र उभं राहिलं, आणि तिथेच 1953 मध्ये अशा संघांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. 1974 साली या महासंघाने काप द’आग्दच्या अधिवेशनात व्याख्या ठरवली: निसर्गाशी मेळ राखणारी जीवनरीत, जिच्यात सामूहिक नग्नता असते, आणि हेतू स्वतःचा, इतरांचा व परिसराचा आदर. ‘इतरांचा आदर’ हे दोन शब्द तिथे उगीच नाहीत. लोक विचारतात ते बहुतेक सगळे प्रश्न त्यांच्याच पोटात आहेत.

नजर कुठे ठेवायची? बोलताना डोळ्यांकडे, एरवी कुठेही, पण थांबवायची नाही. शरीराविषयी शेरा नको, स्तुतीसुद्धा नको. पुरुषांना न विचारता छळणारा प्रश्न उत्तेजनेचा. तसं क्वचितच होतं, कारण तिथला माहोल सार्वजनिक तलावासारखा असतो. झालंच तर टॉवेल मांडीवर घ्यावा, पालथं पडावं किंवा थंड पाण्यात उतरावं. ते मिरवलं तर मात्र हकालपट्टी. मासिक पाळीत टॅम्पॉन किंवा कप वापरतात, किंवा खाली वस्त्र ठेवतात, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मुलं आईवडिलांसोबतच आणि त्यांच्या नजरेखाली. दुसऱ्याच्या मुलाशी एकट्याने सलगी करणारा प्रौढ लगेच जाब द्यायला उभा केला जातो. जेवणाच्या खोलीत अनेक क्लब काहीतरी गुंडाळायला सांगतात. थंडी वाजली तर सदरा घालावा. नग्नता सक्तीची असते ती तलावात आणि सौनात.

आपल्याकडे या विचाराला मराठी वाणी दिली ती रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. जुलै 1927 पासून 1953 पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक जवळपास एकट्याने चालवलं. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असे, आणि नग्नतेत मुळात अश्लील काही नाही हे ते कारणं देऊन मांडत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे पुढे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अवीक सरकार खटल्यात मान्य केलं. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याच्या वाग्दत्त वधूचं विवस्त्र छायाचित्र छापल्याचा तो वाद होता.

म्हणून सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावाकाठी कपडे काढून बसता येईल, असा अर्थ कोणी काढू नये. सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल अशी अश्लील कृती हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 खाली गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भारतात कायद्याने राखून ठेवलेला नग्न किनारा नाही, गोव्यातही नाही. सोलापूरच्या एप्रिलमध्ये पारा 42 च्या वर जातो तेव्हा दार लावून घरात कसं राहायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. शेजारच्या गच्चीवरून दिसणारी आपली गच्ची मात्र त्यात धरू नये. उलट बाजूही लक्षात ठेवावी. कुणाच्या संमतीवाचून त्याच्या खाजगी अंगाचं चित्र टिपणं किंवा पाठवणं याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

पुन्हा टॉवेलकडे. घरोघरी आपण त्याला ‘टर्किश टॉवेल’ म्हणतो ते खरंच आहे. 1850 च्या सुमारास हेन्री क्रिस्टी हा इंग्रज प्रवासी तुर्कस्तानातल्या बुर्सा गावी गेला, तिथल्या हमामांत वापरलं जाणारं लूपचं कापड त्याने घरी नेलं, आणि त्याच्या भावाने ते यंत्रावर विणायची युक्ती काढली. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ते मांडलं गेलं. या मागाला दोन बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेले रूळ, लागतात: एक घट्ट ताणलेला, दुसरा लूपसाठी सैल सोडलेला. आडवे दोन धागे फणी थोडी अलीकडेच ठोकते, तिसऱ्याला पूर्ण ठोकते. तिन्ही एकदम पुढे सरकतात आणि सैल धागा कमान करून वर येतो. ती कमान दुमडलेल्या धाग्याच्या घर्षणावरच उभी असते, गाठ कुठेच नसते. म्हणून लूप निघाला तर ओढू नये, कात्रीने कापावा. ओढला तर रांगच्या रांग उसवते.

अशा प्रवासाला 400 ते 450 जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचा, टॉवेल बरा. 75 बाय 150 चा 400 जीएसएम म्हणजे साधारण 450 ग्रॅम. याहून जाड घेतला तर वाळत नाही आणि कुबट वास धरतो. दोन न्यावेत, रंग वेगळे: एक बसायला, एक अंग पुसायला. बसायच्या टॉवेलला एका कोपऱ्यात दोऱ्याची खूण करून ठेवावी, म्हणजे बाकावर टेकलेली बाजू पुन्हा अंगाला लागत नाही. कोरा टॉवेल नेऊ नये. मऊपणासाठी लावलेलं रसायन पाणी शोषू देत नाही, म्हणून आधी दोन-तीनदा धुवावा, आणि फॅब्रिक कंडिशनर कधीच वापरू नये.

उन्हात पडून परतल्यावर टॉवेलवर पिवळसर, गंजासारखे डाग दिसले तर माग किंवा रंग खराब म्हणून दुकानदाराकडे धाव घेऊ नये. सनस्क्रीनमधलं ॲव्होबेंझोन पाण्यातल्या लोहाशी जुळलं की असे डाग पडतात, आणि बोअरच्या पाण्यात लोह असेल तर घरी धुताना ते उठून दिसतात. ब्लीच टाकलं की ते आणखी गडद होतात. गरम पाण्यात लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) विरघळवून टॉवेल तासभर भिजत ठेवावा, मग साबणाने धुवावा.