ख्रिस्ती बंधुप्रीती

ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्यांनी एकमेकांवर करायची प्रीती म्हणजे बंधुप्रीती, आणि ही नुसती चांगली सवय नाही तर माणूस खरोखर येशूचा शिष्य आहे का याची खूणच मानली जाते. आधार बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातल्या, म्हणजे येशूच्या चरित्रातल्या, १३व्या अध्यायाचा. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्यात त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही धुतले, मग यहूदा बाहेर गेला आणि त्यानंतर ही नवी आज्ञा आली, की मी जशी तुमच्यावर प्रीती केली तशी तुम्ही एकमेकांवर करा, त्यावरून सगळ्यांना कळेल तुम्ही माझे शिष्य आहात. इथे "सगळ्यांना" हे फार महत्त्वाचं आहे, म्हणजे ही खूण बाहेरच्यांना दिसायला हवी, मंडळीने, म्हणजे चर्चने, स्वतःच स्वतःला सर्टिफिकेट देऊन चालत नाही.

योहानाचं पहिलं पत्र तर याबाबतीत एकदम कडक आहे. डोळ्यांसमोरच्या भावाचा द्वेष करणारा, न दिसलेल्या देवावर प्रीती करतो म्हणत असेल तर तो लबाड, असं सरळ लिहिलंय. आणि प्रीती म्हणजे फक्त गोड बोलणं नाही, भाऊ गरजू दिसत असताना हात आखडता घेणाऱ्यात देवाची प्रीती कशी राहील असं तिथेच विचारलंय. म्हणून सुरुवातीपासून हा विषय पैसा, जेवण आणि आजारपण यांच्याभोवती फिरतो. यरुशलेमची पहिली मंडळी मालमत्ता विकून गरजूंना वाटत होती, प्रेषित पौलाने यहूदी नसलेल्या मंडळ्यांकडून यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली. ग्रीसमधल्या करिंथात मात्र उलट झालं, प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षारस घ्यायला, एकत्र आले तरी काहीजण आधीच खाऊनपिऊन तर्र आणि गरीब उपाशी, यावर पौल फार चिडून लिहितो.

बाहेरच्यांची साक्ष बघायची तर लूकियान वाचावा. २ऱ्या शतकातला हा ग्रीक लेखक ख्रिस्ती लोकांची थट्टा करायला लिहितो, पण लिहितो काय तर पेरेग्रिनस नावाचा त्यांचा माणूस तुरुंगात पडल्यावर पहाटेपासून म्हाताऱ्या विधवा नि अनाथ पोरं दाराशी थांबायची, पुढारी पहारेकऱ्यांना पैसे चारून आत त्याच्यासोबत झोपायचे, जेवण आत जायचं, आणि आशिया प्रांतातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, शहरांतून मंडळ्यांच्या खर्चाने माणसं मदतीला आली. त्याच्या मते पेरेग्रिनस भोंदू होता, पण ही भाबडी मंडळी एकमेकांना भाऊ मानतात हे त्याच्याही नजरेतून सुटलं नाही. मला तरी ही साक्ष मंडळीतल्या कुठल्याही लेखकापेक्षा वजनदार वाटते. पुढे ३६२ साली सम्राट युलियान, जो ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे परतला होता, आपल्याच एका मुख्य पुजाऱ्याला लिहितो की हे गालीली (ख्रिस्ती लोकांना तो असंच म्हणायचा) स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच वर आपल्याही गरिबांना पोसतात, आणि मग गावोगावी धर्मशाळा काढायला सांगतो.

या दोघांच्या मधल्या काळातलं उदाहरण म्हणजे ३ऱ्या शतकातलं, उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज. शेजारच्या नुमिदियातले ख्रिस्ती लोक टोळ्यांनी पळवून नेले तेव्हा बिशप सिप्रियानच्या मंडळीने सोडवणुकीसाठी १,००,००० सेस्टर्स (रोमन नाणी) जमवून पाठवले आणि सोबत देणाऱ्यांची नावंही पाठवली, का तर तिकडच्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. त्याच सुमाराच्या रोगाच्या साथीत इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचे ख्रिस्ती आजाऱ्यांची सेवा करता करता स्वतः मेले, असं तिथला बिशप दिओनिसियस लिहितो.

एक प्रश्न नेहमी येतो, की मग प्रीती फक्त आपल्यातल्यांपुरतीच का? तर पौल गलतीकरांना (गलतिया भागातल्या मंडळ्यांना) लिहिलेल्या पत्रात म्हणतो सगळ्यांचं बरं करा, विशेषतः विश्वासाच्या घराण्यातल्यांचं, आणि शत्रूवर प्रीतीची आज्ञा वेगळी आहेच. घरातच जमत नसेल तर बाहेर काय जमणार, असा हा हिशोब.

आपल्याकडे या खुणेची खरी परीक्षा जातीने घेतली. वेगवेगळ्या जातींतून आलेल्यांनी एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घ्यायचं, एका पंक्तीला बसायचं, रोटीबेटी करायची, हे बाप्तिस्म्याने, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती होण्याच्या विधीने, आपोआप होत नाही, आणि लग्न जुळवताना जात विचारणं आजही पूर्ण गेलेलं नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षं काम केलेले कवी नारायण वामन टिळक हे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला "देवाचा दरबार" सुरू केला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले नि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त भाऊ म्हणून एकत्र यावेत अशी कल्पना होती, म्हणजे भाऊ कोणाला म्हणायचं याची हद्दच त्यांनी मंडळीच्या नोंदवहीबाहेर नेली. १९१९ मध्ये टिळक वारले, त्यामुळे दरबाराला त्यांच्या हाताखाली जेमतेम दोनच वर्षं मिळाली.