गर्भवतींसाठी कॅल्शियम : एक ग्रॅमच्या मात्रेची पार्श्वभूमी

भारतात गर्भवतींसाठी रोज १ ग्रॅम कॅल्शियम ठरवले गेले, ते आंतरराष्ट्रीय शिफारशीपेक्षा कमी; ही मात्रा पुरेशी आहे का, हा येथे प्रश्न आहे. ज्या आजारासाठी ते दिले जाते तो प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब धोकादायकरीत्या वाढण्याचा विकार. त्यातून येणाऱ्या झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट देण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालत आली असली, तरी इतर औषधांपेक्षा ते सरस असल्याचे १९९५ च्या बहुराष्ट्रीय चाचणीनेच निर्विवाद केले. कॅल्शियमचा प्रश्न वेगळा आहे, कारण ते आजार टाळण्यासाठी सुचवले गेले. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका खाणाऱ्या ग्वाटेमालातील माया स्त्रियांमध्ये हा आजार कमी दिसतो, या निरीक्षणावरून १९८० मध्ये तसे अनुमान मांडले गेले.

अर्जेंटिनातील १९९१ च्या चाचणीत रोज २ ग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या पहिलटकरणींमध्ये रक्तदाबाच्या विकारांचे प्रमाण १४.८ वरून ९.८ टक्क्यांवर आले. १९९६ मध्ये नागपुरातूनही अनुकूल निष्कर्ष आले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ४,५८९ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत मात्र काहीच फरक आढळला नाही. त्या स्त्रियांच्या आहारात मुळातच पुरेसे कॅल्शियम होते, हे स्पष्टीकरण पुढे बहुतेकांनी मान्य केले आणि ते योग्यच वाटते. म्हणूनच २००६ ची मोठी चाचणी आहारातून दिवसाला ६०० मिलिग्रॅमहून कमी कॅल्शियम मिळणाऱ्या गटांत घेतली गेली. तीत भारतीय स्त्रियाही होत्या. तेथे १.५ ग्रॅम कॅल्शियमने प्रीएक्लॅम्प्सियाचे एकूण प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही, पण झटके आणि रक्तदाबाची तीव्र वाढ कमी झाली. आईचा जीव जातो तो याच टप्प्यावर, त्यामुळे या निष्कर्षाला अधिक वजन द्यायला हवे.

२०११ मध्ये आंतरराष्ट्रीय शिफारस आली : आहारात कॅल्शियम कमी असलेल्या प्रदेशांत रोज १.५ ते २ ग्रॅम. २०१४ च्या भारतीय मार्गदर्शक सूचनांनी मात्र १ ग्रॅमच निश्चित केले, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत. वाद आहे तो याच निर्णयाबद्दल. शिफारशीपेक्षा कमी मात्रा देणे म्हणजे गरीब स्त्रीला अपुरे संरक्षण देणे, असा एक आक्षेप होता. दुसरी बाजू व्यवहाराची होती : कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते म्हणून लोह-फॉलिक आम्लाची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी लागते, कॅल्शियमच्या गोळ्या आकाराने मोठ्या असतात, त्यांनी बद्धकोष्ठ होतो, आणि दीड-दोन ग्रॅमसाठी रोज तीन-चार गोळ्यांचा साठा उपकेंद्रापर्यंत अखंड पोचवावा लागतो. गोळ्या घरात पडून राहण्यापेक्षा कमी मात्रा नियमित घेतली जाणे हिताचे, हे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नव्हते. पण त्या वेळी कमी मात्रेमागचा पुरावा लहान चाचण्यांचाच होता, हेही नमूद केले पाहिजे.

बंगळूरु आणि टांझानियातील दार-ए-सलाम येथे प्रत्येकी ११,००० पहिलटकरणींवर ५०० आणि १,५०० मिलिग्रॅमची थेट तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. बंगळूरुत प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण अनुक्रमे ३.० आणि ३.६ टक्के, तर टांझानियात ३.० आणि २.७ टक्के होते. दोन्हीकडे कमी मात्रा उणी ठरली नाही. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीबाबत मात्र ही खात्री केवळ भारतात मिळाली. शिवाय कॅल्शियम अजिबात न घेणारा गट या चाचणीत नव्हता, त्यामुळे ५०० मिलिग्रॅम आजार किती टाळते याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. भारतातील १ ग्रॅमची मात्रा या दोन्ही मात्रांच्या मधली आहे. ती तपासली गेलेली नसली, तरी २०१४ चा निर्णय अपुरा होता असे म्हणण्याचा आधार आता बराच कमकुवत झाला आहे.